पाच वेळा जुळलं, सहाव्यांदा ६४१ आडवा आला

व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘अंकांचे चमत्कार’ बहुतेक एकाच साच्याचे असतात. चार-पाच उदाहरणं जुळवून दाखवायची आणि नियम सापडला म्हणून मोकळं व्हायचं. हा मोह फर्मासारख्या थोर गणितज्ञालाही आवरला नाही. २, ४, १६, २५६, ६५५३६ अशी प्रत्येक संख्येचा वर्ग करत जाणारी मालिका घ्या आणि प्रत्येकीत १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ संख्या. पुढच्या साऱ्या मूळच असणार, असं फर्माने १६४० मध्ये लिहून टाकलं. सिद्धता त्याच्याकडे नव्हती.

सहावी संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, अर्थात ४,२९,४९,६७,२९७. ही मूळ आहे का, हे सरधोपट तपासायचं तर ६५,५३६ पर्यंतच्या साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलरने तिचा विभाजक शोधला: ६४१. दुसरा अवयव ६७,००,४१७.

साडेसहा हजार भागाकार टळतात ते असे. समजा प ही मूळ संख्या या सहाव्या संख्येला भागते. मग प ने भागताना २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो) आणि वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १. म्हणजे बाकी १ पहिल्यांदा येते ती ६४ व्या घाताला. त्याआधी ती येऊच शकत नाही, नाहीतर ३२ व्या घाताचीही बाकी −१ ऐवजी १ आली असती. आता फर्माचाच दुसरा नियम, आणि हा सिद्ध झालेला: २ च्या (प − १) व्या घाताची बाकीही १ असते. पण बाकी १ येते ती फक्त ६४ च्या पटीतल्या घातांना, म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. ६४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या मूळ संख्या तपासा: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच भागाकाराला निकाल!

भागाकारसुद्धा करावा लागत नाही. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ गुणिले २ चा ७ वा घात याची बाकी −१. त्याचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. पण ६४१ = ६२५ + १६ सुद्धा आहे, म्हणजे ६२५ च्या जागी −१६ चालतो. १६ म्हणजे २ चा ४ था घात. झालं, २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. मला संख्याशास्त्रातल्या सगळ्या सिद्धतांमध्ये ही सर्वांत देखणी वाटते.

अंकज्योतिषी ४,२९,४९,६७,२९७ चे अंक एकच अंक उरेपर्यंत मिळवून ‘मूलांक ५’ सांगतील. तो फक्त ९ ने भागल्यावरची बाकी आहे. हीच संख्या फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत लिहिली तर अंकांची बेरीज २ होते. संख्या तीच, भविष्य मात्र बदललं. ६४१ ने भाग जाणं कुठल्याही पद्धतीत बदलत नाही.

फर्माच्या मालिकेत त्या पाचांनंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. मालिकेतली ३,१५,६५३ अंकी एक संख्या तर विभाज्य, म्हणजे मूळ नसल्याचं सिद्ध झालंय, पण तिचा एकही अवयव अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.