विलयविवरप्रवण क्षेत्र

पाण्यात विरघळणाऱ्या खडकावर वसलेला, जमीन खचून विवरे (विलयविवरे) पडण्याचा संभव असलेला प्रदेश. चुनखडक, डोलोमाइट, जिप्सम व सैंधव हे असे खडक होत. पावसाचे पाणी हवेतील आणि मुख्यतः मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून सौम्य आम्लधर्मी बनते व भेगांतून झिरपताना चुनखडक विरघळवते. ही क्रिया हजारो वर्षे चालते. जिप्सम व सैंधव मात्र कितीतरी वेगाने झिजतात, त्यामुळे त्यांत माणसाच्या हयातीतही पोकळी तयार होऊ शकते.

संज्ञा व उत्पत्ती : अशा विरघळणाऱ्या खडकांच्या प्रदेशाला ‘कार्स्ट’ म्हणतात; हे स्लोव्हेनिया-इटली सीमेवरील क्रास पठाराच्या नावाचे जर्मन रूप. मूळ शब्द ‘दगड’ या अर्थाच्या फार प्राचीन धातूपासून आला असावा. विवराला भूगोलात ‘डोलाइन’ म्हणतात. स्लाव्ह भाषांत ‘डोलिना’ म्हणजे नुसती दरी, आणि स्लोव्हेनियन भूगोलात विवरासाठी ‘व्हर्ताचा’ असा वेगळा शब्द आहे. ही विवरे गुहांची छते कोसळून होतात की पृष्ठभागावरील विलयनाने (खडक विरघळण्याने), हा एकोणिसाव्या शतकातील वाद होता. सर्बियन भूगोलज्ञ योव्हान त्स्वीयिच यांनी १८९३ मधील ग्रंथात विलयनाच्या बाजूने कौल दिला. आता दोन्ही प्रकार मान्य आहेत. वस्तीला अधिक घातक ठरतो तो तिसराच : खडक जागेवर राहतो, त्यावरील माती खालच्या पोकळीत हळूहळू गळत जाते, मातीच्या थरात कमान उरते आणि एके दिवशी तीही कोसळते. पृष्ठभागावर तोवर काहीच दिसत नाही.

ग्वातेमाला शहरात २००७ व २०१० मध्ये पडलेली खोल विवरे या व्याख्येत बसवावीत का, याविषयी एकमत नाही. तेथील जमीन ज्वालामुखी राखेची व प्यूमिसची (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची). गळक्या भूमिगत गटारांच्या आणि वादळी पावसाच्या पाण्याने ती आतून धुपून गेली. खडक विरघळलेला नसल्याने काही भूवैज्ञानिक त्यांना विलयविवर म्हणत नाहीत, आणि ते मत अधिक ग्राह्य वाटते. हा केवळ शब्दच्छल नव्हे. तेथे उपाय गटारदुरुस्तीत आहे, कार्स्ट प्रदेशात तेवढ्याने भागत नाही.

धोक्याचे स्वरूप : पोकळी जुनी असते; कोसळण्याचे निमित्त बहुधा पाणीपातळीतील बदलाचे. भूजल पोकळीच्या छताला आधार देते, उपशाने तो आधार जातो. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींसाठी डोलोमाइटमधील पाणी उपसल्यावर डिसेंबर १९६२ मध्ये वेस्ट ड्रीफाँटेन खाणीवरील खडी फोडण्याचे संयंत्र विवरात गडप झाले व २९ जण दगावले. फ्लॉरिडातील प्लँट सिटी परिसरात जानेवारी २०१० च्या कडाक्याच्या थंडीत स्ट्रॉबेरी वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी दिवसेंदिवस भूजल फवारले. पातळी सुमारे १८ मी. खाली गेली आणि शंभराहून अधिक विवरे पडली. मृत समुद्राची पातळी वर्षाला सुमारे एक मीटर घटत असून, मागे हटलेल्या खाऱ्या पाण्याच्या जागी गोडे भूजल शिरते व मिठाचे थर विरघळवते. किनाऱ्यावर हजारो विवरे पडली आहेत. उलट दीर्घ अवर्षणानंतरची अतिवृष्टीही तितकीच घातक, कारण भिजून जड झालेली माती कमानीला पेलवत नाही.

जीवितहानी विरळ असते. घरांचे नुकसान आणि भूजलाचे प्रदूषण हे नित्याचे धोके. फ्लॉरिडातील मलबेरीजवळ २०१६ मध्ये एका खतकारखान्याच्या जिप्सम-ढिगाखाली विवर उघडून सुमारे ८० कोटी लि. दूषित पाणी थेट जलधर थरात उतरले.

फ्लॉरिडाच्या विमा कायद्यात जमीन ‘आपत्तीजनक’ रीतीने खचल्याची भरपाई अनिवार्य आहे. पण त्यासाठी जमीन एकाएकी खचणे, खड्डा डोळ्यांना स्पष्ट दिसणे, पायासह बांधकामाची हानी होणे आणि घर रिकामे करण्याचा शासकीय आदेश निघणे या चारही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. नुसत्या भेगा पुरत नाहीत. त्यांसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

पूर्वसूचना व उपाय : वर्तुळाकार खोलगट भाग, कललेले कुंपणाचे खांब, चौकटीत अडकणारी दारे, विहिरीचे एकाएकी गढूळ झालेले पाणी ही लक्षणे. शोधासाठी भूवेधी रडार, विद्युत्-रोधमापन व सूक्ष्मगुरुत्वमापन वापरतात. विवर केवळ मातीने बुजवल्यास पाणी ती पुन्हा वाहून नेते; म्हणून तळाशी मोठे दगड, वर क्रमाने बारीक खडी असे भरण करतात किंवा सिमेंटचे मिश्रण दाबाने भरतात. फ्लॉरिडातील सेफ्नर येथे २०१३ मध्ये शयनगृहाखालील जमीन खचून एक रहिवासी मरण पावला. बुजवलेले ते विवर २०१५ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये उघडले.