रेडिएटिव्ह ट्रान्सफर मॉडेल हवंय? परवाना कोणाला मिळतो, अर्ज कसा करायचा

सूर्यप्रकाश पानापानांतून कसा विखुरतो, तापलेली जमीन स्वतः किती उष्णता बाहेर टाकते आणि मधलं वातावरण त्यातलं किती शोषून घेतं, हा सगळा हिशेब मांडून उपग्रहाच्या सेन्सरला काय दिसेल ते सांगणारी सॉफ्टवेअर म्हणजे रेडिएटिव्ह ट्रान्सफर मॉडेल्स. त्यातली बरीचशी मोफत आहेत, पण प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. म्हणून आधी काम ठरवा, मग अर्जाकडे वळा.

फक्त वातावरणाचा हिशेब हवा असेल तर लिबरॅडट्रान घ्या. ते जीएनयू जीपीएल (कोणालाही वापरता आणि बदलता येईल असा मुक्त परवाना) या परवान्याखाली खुलं आहे. अर्जाची भानगडच नाही. उतरवायचं, कंपाइल करायचं (म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायचा) आणि कामाला लागायचं. त्याच कामाच्या मोडट्रान या सॉफ्टवेअरला मात्र पैसे मोजावे लागतात.

झाडं, इमारती, डोंगरउतार यांसह त्रिमितीय दृश्य उभं करायचं असेल तर डार्ट. फ्रान्समधल्या तुलूझच्या सेसबिओ प्रयोगशाळेत ते 1992 पासून घडतंय आणि दृश्य प्रकाशापासून औष्णिक अवरक्तापर्यंत (तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांपर्यंत) चालतं. संशोधन आणि अध्यापनासाठी परवाना मोफत आहे. तुम्ही कंपनीसाठी काम करत असाल तर तो तुमच्यासाठी नाही, व्यावसायिक वापराचं वेगळं बोलावं लागतं. संशोधन प्रकल्पाला कंपनीचा पैसा असेल तर तेही आधीच स्पष्ट लिहा. हे लपवणं चुकीचं आहे आणि पुढे निकाल वापरताना तुमच्याच अंगाशी येतं.

हवामान उपग्रहांच्या कामाला आरटीटीओव्ही. युरोपीय हवामान संस्था मिळून, एनडब्ल्यूपी सॅफ या गटातून ते सांभाळतात. एनडब्ल्यूपी सॅफच्या संकेतस्थळावर खातं उघडा, सॉफ्टवेअरच्या यादीत आरटीटीओव्ही निवडा, परवाना करार वाचून मान्य करा. शुल्क नाही. मिळालेली प्रत मित्राला पाठवू नका; त्याने स्वतःची नोंदणी करावी.

कागदपत्रांचं म्हणाल तर जाडजूड फाइल लागत नाही. संस्थेचं पूर्ण नाव, संस्थेचा ईमेल आणि कामाचा उद्देश एवढं हाताशी ठेवा. विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकांना आधी विचारा, कारण संस्थेच्या वतीने अटी मान्य करायचा अधिकार बहुधा तुम्हाला नसतो. उद्देशाची ओळ मोघम नको. 'रिमोट सेन्सिंग अभ्यास' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. 'लँडसॅट 8 च्या बँड 10 मध्ये झाडांच्या सावलीमुळे पृष्ठभागाच्या तापमानात किती फरक पडतो हे तपासणे, पीएचडीसाठी' असं लिहिलं की शंकेला जागा राहत नाही (लँडसॅट 8 हा अमेरिकेचा भूनिरीक्षण उपग्रह, बँड 10 हा त्याचा औष्णिक अवरक्त पट्टा).

परवाना मिळाल्यावरही थोडं थांबा. आरटीटीओव्हीला आपल्या सेन्सरची गुणांक फाइल (त्या सेन्सरच्या हिशेबाला लागणारे आकडे) लागते, ती बऱ्याचदा वेगळी उतरवावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते. एककंही तपासा. आरटीटीओव्ही तरंगसंख्येत (एका सेंटीमीटरमध्ये किती लहरी बसतात त्यात) बोलतं, लँडसॅटची तेजस्विता (सेन्सरकडे येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता) तरंगलांबीच्या दर मायक्रोमीटरमागे दिलेली असते. 10.9 मायक्रोमीटर म्हणजे सुमारे 917 प्रतिसेंटीमीटर. रूपांतर न करता दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर तुलना निरर्थक ठरते. पॅकेजसोबत चाचण्या आणि त्यांची अपेक्षित उत्तरं येतात. आधी त्या चालवा, उत्तरं जुळली की मग आपला डेटा घाला.