स्पोर्टर रायफल : संग्रह आणि पुनर्स्थापना

लष्कराच्या अतिरिक्त साठ्यातून विकली गेलेली आणि शिकारीसाठी कापून, घासून हलकी केलेली रायफल म्हणजे स्पोर्टर. दोन्ही महायुद्धांनंतर ली-एनफिल्ड, माउझर ९८, स्प्रिंगफील्ड १९०३, एम १९१७ अशा रायफली अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात स्वस्तात मिळू लागल्या. घेणाऱ्यांनी पुढचे लाकूड कापले, नळीवरची लाकडी आवरणे फेकून दिली, संगिनीची खुंटी घासून काढली, दुर्बिणीसाठी भोके पाडली. अमेरिकेत १९६८च्या गन कंट्रोल अॅक्टने लष्करी शस्त्रांच्या आयातीला आळा घातला. मूळ रूपातल्या रायफली दुर्मीळ होत गेल्या, तशी कापलेली रायफल पूर्ववत करण्याची हौस वाढली.

प्रत्येक स्पोर्टर पूर्ववत करू नये. ग्रिफिन अँड हाऊसारख्या नामांकित कारागिरांनी घडवलेला स्प्रिंगफील्ड स्पोर्टर हीच स्वतंत्र संग्राह्य वस्तू असते. त्यावर लष्करी लाकूड चढवणे म्हणजे नासाडी. घरच्या घरी करवतीने कापलेल्या रायफलीबाबत मात्र निर्णय सोपा असतो.

लाकूड बदलता येते, पोलाद नाही. म्हणून खरेदीपूर्वी आधी धातू तपासतात. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) बंद करावा आणि नळीच्या तोंडातून काठी घालून नळीची लांबी मोजावी. एसएमएलई (शॉर्ट मॅगझीन ली-एनफिल्ड) आणि तिच्या नंतरची नंबर ४ या दोन्ही ली-एनफिल्डची मूळ नळी २५.२ इंच असते. ती आखूड केलेली असेल तर दुसरी नळी बसवावी लागते आणि खर्च बहुधा अखंड रायफलीच्या किमतीपलीकडे जातो. रिसीव्हरला (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो पोलादी सांगाडा) आटे पाडून मारलेली भोके बुजवता येतात, पण खूण राहते. चार्जर ब्रिज (काडतुसांची पट्टी टेकवण्याचा रिसीव्हरवरचा पूल) घासून काढलेला असेल, तर त्या रायफलीचा नाद सोडलेला बरा. स्प्रिंगफील्ड १९०३मध्ये अनुक्रमांकही पाहावा : अमेरिकी सरकारी कारखान्यांपैकी स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ८,००,००० आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ खालच्या क्रमांकांचे रिसीव्हर सदोष उष्णोपचारामुळे ठिसूळ निघू शकतात. अशा रायफली संग्रहात ठेवाव्यात, झाडू नयेत.

एसएमएलई सोडवताना सर्वांत महाग चूक क्रमाची असते. मागच्या दस्त्यातल्या लांब बोल्टचे (दस्ता धरून ठेवणारा स्क्रू, नळी बंद करणारा बोल्ट नव्हे) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवला की ते लाकूड आतून चिरते. म्हणून आधी नोजकॅप (लाकडाच्या पुढच्या टोकाची धातूची टोपी), बँड (लाकूड व नळी बांधणारे कडे) आणि ट्रिगर गार्ड (चापाभोवतीचे कडे) काढावे. मग पुढचे लाकूड दोन्ही टोकांनी सारखे खाली उतरवावे, आणि दस्त्याला शेवटी हात लावावा. बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी) काढल्यावर भोकात बोल्टच्या डोक्यावर बोळा दिसतो; तो न काढता पेचकस दाबला तर दस्ताही फुटतो.

कापलेल्या लाकडाला दुसऱ्या दात्या लाकडाचा पुढचा तुकडा जोडता येतो. सांधा बँडखाली येईल असा घ्यावा, आत खुंटी घालून इपॉक्सीने चिकटवावा. अक्रोडाला अक्रोडच जोडावे. बीचचा तुकडा तेल लागल्यावर वेगळा उठून दिसतो.

खरी कसोटी मात्र लाकूड बसवण्यात आहे. गोळी सुटल्याचा धक्का लाकडाच्या मागच्या टोकावरचे दोन आधारपृष्ठ झेलतात. जुने लाकूड आकसले वा तेलाने मऊ झाले की तिथे फट पडते आणि प्रत्येक धक्क्याने लाकूड मागून चिरत जाते. धातूला काजळी लावून लाकूड बसवावे आणि काढून पाहावे : दोन्ही बाजूंना सारखा डाग उमटला पाहिजे. एकाच बाजूला उमटला तर कठीण लाकडाची पट्टी चिकटवून पुन्हा बसवावे. पुढच्या ट्रिगर गार्ड स्क्रूवरची धातूची नळकांडी अनेक स्पोर्टरमधून हरवलेली असते. ती नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड दबते; एसएमएलईत चाप ट्रिगर गार्डलाच टांगलेला असल्याने त्याची ओढही बदलते. (नंबर ४ मार्क २मध्ये चाप रिसीव्हरलाच टांगला, तो याच कारणाने.)

लाकडावरचे वार्निश रासायनिक रिमूव्हरने काढावे. सँडपेपर टाळावा, त्याने कारखान्याचे शिक्के पुसतात आणि लाकूड धातूच्या पातळीखाली जाते. पोचे ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवून वाफेने उठवतात. मग जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात, प्रत्येक हात पुसून व वाळवून द्यावेत. जाड थर आठवडाभर चिकट राहतो. तेलाची फडकी पसरून वाळवावीत, गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात.

बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि नळीतल्या काडतुसाच्या टेकणीमधले अंतर) मोजल्याशिवाय रायफल झाडू नये. ली-एनफिल्डच्या .३०३ काडतुसासाठी ०.०६४ इंचाच्या गेजवर (मोजमापाच्या ठोकळ्यावर) बोल्ट बंद व्हावा, ०.०७४ च्या गेजवर होऊ नये. नंबर ४मध्ये ० ते ३ क्रमांकांच्या वाढत्या लांबीच्या बोल्टहेडने (बोल्टचा बदलता येणारा पुढचा तुकडा) हे जुळवता येते. जुन्या गंजकारक काडतुसांमुळे नळीत उरणारे क्षार तेलाने निघत नाहीत; गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच तेल लावावे.

जुळत नसलेले क्रमांक घासून नवे ठोकणे ही संग्राहकांत फसवणूक मानली जाते आणि अनेक देशांत गुन्हाही ठरते. विक्रीच्या वेळी कोणते सुटे भाग बदलले, सांधा कुठे आहे, हे लेखी द्यावे.