आल्कासार आणि अल्हाम्ब्रा: नक्कल कुणी कुणाची केली?

माद्रिदला शिकायला आलेल्या मराठी मुलांमध्ये पहिल्या सहामाहीत हा संवाद हमखास होतो. "अल्हाम्ब्रा झाला का रे बघून?" "झाला की, सेव्हियाला गेलो होतो तेव्हाच." मग मोबाईल पुढे येतो. रंगीत फरशा, गिलाव्यावर कोरलेली जाळीदार नक्षी, पाकळ्यापाकळ्यांच्या कमानी आणि मधोमध लांबट हौद. फोटो झकास असतात, फक्त ते अल्हाम्ब्राचे नसतात. सेव्हियात आहे तो आल्कासार. अल्हाम्ब्रा तिथून अडीचशे किलोमीटरवर, ग्रानादाला.

यात हसण्यासारखं काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी माद्रिदच्या 'आतोचा' स्टेशनवरून गाडी पकडायची, दोन दिवसांत एक शहर उरकायचं आणि सोमवारी सकाळच्या तासाला डोळे चोळत बसायचं, असं दोन महिने चाललं की लिस्बन, पोर्तो, व्हॅलेन्सिया, सेव्हिया सगळ्याचा काला होतो. त्यात हे दोन राजवाडे तर सख्ख्या भावांसारखे दिसतात. ज्याला थोडं अधिक माहीत असतं तो समजावून सांगतो, "आल्कासार म्हणजे अल्हाम्ब्राची छोटी नक्कल. आपल्याकडे ताजमहाल आणि बीबी का मकबरा, तसं." हे वाक्य मीही दोन-तीन जणांना ऐकवलंय, चांगलं ठणकावून. ते चूक आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. अरबीत अल्-हम्रा म्हणजे तांबडी. तिथली माती तांबूस आणि तटही तांबूस. स्पॅनिशमध्ये 'ह' मुका, म्हणून बसवाल्याला विचारताना 'आलाम्ब्रा' म्हणायचं. अल्-कस्र म्हणजे गढी किंवा राजवाडा, आणि ते आपल्या 'किल्ला'सारखं सामान्यनाम आहे. सेगोव्हियात आल्कासार आहे, तोलेदोत आहे, कोर्दोबातही आहे. माझ्या एका वर्गमित्राने रात्री झोपेत मोबाईलवर कोर्दोबाच्या आल्कासारचं तिकीट काढलं आणि सकाळी ते ऐटीत सेव्हियाच्या दारावर दाखवलं. सेव्हियाच्या तिकिटावर 'रेआल आल्कासार' लिहिलेलं असतं, म्हणजे राजाचा आल्कासार. तेवढं बघून घ्या.

आता मूळ मुद्दा. सेव्हिया १२४८ मध्ये कास्तील या राज्याच्या ख्रिस्ती राजाकडे, तिसऱ्या फर्नांदोकडे गेलं. ग्रानादा मात्र १४९२ पर्यंत नासरी घराण्याच्या मुसलमान सुलतानांकडे राहिलं. राहिलं कसं, तर घराण्याचा संस्थापक पहिला मोहम्मद कास्तीलचा मांडलिक झाला म्हणून. सेव्हियाला वेढा पडला तेव्हा त्याचं सैन्य फर्नांदोच्या बाजूने होतं. दख्खनचा इतिहास वाचलेल्या माणसाला याचं नवल वाटायला नको. निजामशाही-आदिलशाहीच्या काळातही कोण कुणाकडून लढतोय हे धर्म बघून सांगता येत नव्हतं.

शंभरेक वर्षांनी याच दोन गाद्यांवर दोन तरुण होते. सेव्हियात राजा पेद्रो, ग्रानादात सुलतान पाचवा मोहम्मद. दोघांनाही सावत्र भाऊ नडले. १३५९ मध्ये मोहम्मदाला त्याच्या सावत्र भावाने पदच्युत केलं आणि तो मोरोक्कोत पळाला. १३६२ मध्ये तो परत गादीवर बसला तो पेद्रोच्या मदतीने. मधल्या काळात गादी बळकावलेला दुसराच एक, सहावा मोहम्मद, आश्रय मागायला सेव्हियाला आला, तर पेद्रोने त्याला तिथेच ठार केलं. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागावर जो मोठा तांबडा खडा आहे, तो या मारलेल्या सुलतानाकडचा, असं परंपरा सांगते. (त्याला माणिक म्हणतात, पण तो माणिक नाही, स्पिनेल आहे. कोहिनूरचं दुःख करताना याचीही आठवण ठेवायला हरकत नाही.) पेद्रोला त्याच्या लोकांनी दोन नावं दिली, 'क्रूर' आणि 'न्यायी'. कोणतं नाव वापरायचं, हे तुम्ही कुणाच्या बाजूचे त्यावर. शेवटी १३६९ मध्ये सावत्र भाऊ एन्रिकेनेच त्याला मारलं.

या पेद्रोने १३६४ मध्ये सेव्हियात नवा राजवाडा बांधायला काढला. आपण आल्कासारमध्ये आ वासून जे बघतो ते मुख्यतः हेच काम. म्हणजे बांधवून घेणारा ख्रिस्ती राजा आणि कारागीर सेव्हियाचे, तोलेदोचे आणि मित्र सुलतानाच्या ग्रानादाचे. राजदूतांच्या दालनाच्या लाकडी दारांवर अरबीत कोरून ठेवलंय की हे काम तोलेदोच्या कारागिरांचं, साल १३६६. त्याच सुमारास मोहम्मदाचा वकील म्हणून पेद्रोच्या दरबारी कोण आला होता, तर इतिहासकार इब्न खल्दून. त्याचे पूर्वज सेव्हियाचेच. पेद्रोने त्याला सांगितलं, इथेच राहा, तुझ्या घराण्याची जमीनजुमला परत देतो. तो राहिला नाही.

आणि अल्हाम्ब्रा? टेकडीवर नासरी सुलतानांचं बांधकाम १२३८ पासून चाललेलं. कोमारेस राजवाड्यातलं सिंहासनाचं भव्य दालन मोहम्मदाच्या वडिलांचं, पहिल्या युसुफचं. म्हणजे ते पेद्रोच्या आधीचं. पण आपण ज्या दोन गोष्टींसाठी अल्हाम्ब्राला जातो त्यांची सालं बघा. कोमारेसचा दर्शनी भाग १३७० चा. सिंहांचा चौक बहुतेक अभ्यासक त्याच्याही नंतरचा धरतात. पेद्रोचा दर्शनी भाग १३६४ चा. म्हणजे जिला आपण नक्कल म्हणतो ती, निदान या बाबतीत, अस्सलाहून थोरली आहे. ताज आणि मकबऱ्याची उपमा तिथेच गळून पडते. बीबी का मकबरा बांधणाऱ्यांसमोर ताज उभा होता. पेद्रोच्या गवंड्यांसमोर सिंहांचा चौक नव्हता. दोन शेजारी दरबार एकमेकांकडे बघत, एकमेकांची माणसं वापरत बांधत होते. अल्हाम्ब्रातल्या 'राजांच्या दालनात' मान वर करा, तर छताला चामड्यावर रंगवलेली माणसं दिसतात, तीही थेट युरोपीय धाटणीची. मुसलमान सुलतानाच्या घरात! उसनवारी दोन्हीकडून होती.

हे सगळं एका जागी उभं राहून बघायचं तर पेद्रोच्या दर्शनी भिंतीसमोर थांबा. लोक तिथे फोटो काढून पुढे सरकतात. वर, खिडक्यांच्या ओळीवर, एक रुंद पट्टी आहे. तिच्या कडेने गॉथिक अक्षरांत कास्तिलियन मजकूर फिरतो: परम थोर, परम पराक्रमी डॉन पेद्रो, ईश्वरकृपेने कास्तील आणि लेओनचा राजा, याने हे वाडे बांधवले, साल १४०२. इथे गोंधळायला होतं. तेव्हा तिथे 'स्पॅनिश संवत' चालायचा, सनापेक्षा ३८ वर्षांनी पुढे. शके आणि सन यांच्यात ७८ चा हिशेब लहानपणापासून करणाऱ्याला हे सोपं आहे: १४०२ वजा ३८, १३६४. आणि या ख्रिस्ती बिरुदावलीच्या आत, पट्टीच्या मधल्या भागात, निळ्या फरशीत पुन्हा पुन्हा एकच अरबी वाक्य बसवलंय. पहिल्यांदा बघताना ते नुसती भूमिती वाटते, कारण अरबी अक्षरांची ही कुफी धाटणी कोनाकोनांची असते. ते वाक्य 'ईश्वराखेरीज कुणी विजेता नाही', म्हणजे ग्रानादाच्या नासरी घराण्याचं ब्रीद. अल्हाम्ब्राच्या भिंतींवर हेच वाक्य इतक्या वेळा येतं की मी मोजणं सोडून दिलं.

मग फोटो वेगळे ओळखायचे कसे? नक्षीत किल्ला आणि सिंह अशी चिन्हं दिसली तर आल्कासार. ती कास्तील आणि लेओनची राजचिन्हं. चौकाला वरचा मजला असून त्याला पांढऱ्या संगमरवरी खांबांच्या इटालियन थाटाच्या कमानी असतील, तरी आल्कासार; तो मजला सोळाव्या शतकात चढवला. तेव्हाच खालची बाग-हौदही फरसबंदीखाली गेली होती, ती या शतकाच्या सुरुवातीला उत्खनन करून पुन्हा वर काढली. खिडकीतून खाली गाव आणि समोर टेकडी दिसली तर नि:संशय अल्हाम्ब्रा. आल्कासार सपाटीवर, भर वस्तीत, कॅथेड्रलला खेटून आहे. बाहेर बघायला काही नाही, म्हणून तो आत वळतो, आपल्या वाड्यासारखा. अल्हाम्ब्रा म्हणजे टेकडीवरचं छोटं गावच. आणि बारा सिंह पाठीवर कारंजं घेऊन उभे असतील तर प्रश्नच नाही. जरा वाकून बघा, बाराही सिंह एकमेकांसारखे नाहीत. कारंज्याच्या कडेवर इब्न झम्रक या दरबारी कवीची कविता कोरली आहे: वाहतंय ते पाणी की संगमरवर, हेच कळेनासं होतं.

ते पाणी टेकडीवर चढतं कसं, हा खरा कौतुकाचा विषय. पंपाशिवाय. दार्रो नदी वरच्या अंगाला काही किलोमीटरवर अडवून, डोंगराच्या कडेने अगदी बेताच्या उताराचा पाट काढला आणि तो टेकडीच्या माथ्यावर आणला. संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना डोंगरातून पाणी आणण्याची ही तऱ्हा ओळखीची वाटेल. या पाटाला स्पॅनिशमध्ये 'आसेकिया' म्हणतात, शब्द अरबीच. पाटांपासून हौदांपर्यंत स्पॅनिशमधले पाण्याचे कितीतरी शब्द तिथलेच.

एक माणूस दोन्हीकडे भेटतो, बादशहा पाचवा कार्लोस. १५२६ मध्ये त्याचं लग्न पोर्तुगालच्या इसाबेलशी सेव्हियाच्या आल्कासारात लागलं आणि मधुचंद्राला जोडपं गेलं अल्हाम्ब्रात. तिथे तो इतका रमला की त्याने नासरी महालांना चिकटून स्वतःचा दगडी राजवाडा काढला. बाहेरून चौकोनी, आत गोल चौक. त्यावर छप्पर चढायला विसावं शतक उजाडलं. काही लोक त्याची स्तुती करतात. मला तो पैठणीला जोडलेल्या गोणपाटाच्या ठिगळासारखा वाटतो.

आता व्यवहाराचं. माद्रिदहून सेव्हियाला वेगवान गाडी १९९२ पासून आहे, अडीच तास. ग्रानादाला ती २०१९ मध्ये पोहोचली, तीन-साडेतीन तास. दोन्ही शहरं एकाच शनिवार-रविवारात कोंबू नका. मधला प्रवासच तीनेक तास खातो. आधी सेव्हिया करा, मग ग्रानादा. आल्कासारचं तिकीट बरेचदा आठवडाभर आधीही मिळतं. अल्हाम्ब्राचं शनिवारचं तिकीट मात्र सहल ठरल्याबरोबर काढा. त्यावर तुमचं नाव असतं, मूळ ओळखपत्र किंवा पासपोर्ट सोबत लागतो.

तिकिटावरची वेळ ही नासरी महालांच्या दारावरची असते, बाहेरच्या फाटकावरची नाही. हे मला माहीत होतं आणि तरी मी फसलो. दहाची वेळ होती. साडेनऊला आत शिरलो, म्हटलं तोवर हेनेरालिफेची बाग बघू. गुलाब, कारंजी, सरूची झाडं, वेळेचं भान गेलं. घड्याळ पाहिलं तर दहा वाजून अठरा मिनिटं. अर्ध्या तासाची सवलत, आणि महाल टेकडीच्या दुसऱ्या टोकाला. सुलतानाच्या बागेतून पाठीवर सॅक उडवत पळणारा मी एकटाच नव्हतो, हाच काय तो दिलासा. आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी फक्त धापा टाकत होतो. त्या दालनाचा माझ्याकडे एकही धड फोटो नाही.

शाकाहारी मंडळींसाठी शेवटचा फरक. सेव्हियात 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मागा: पालक आणि काबुली चणे, वर जिऱ्याचा वास, पोळी तेवढी नसते. ग्रानादात पेय मागवलं की सोबत खायला फुकट येतं, पण ते बहुधा मांसाचं. त्यापेक्षा 'बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या' वेगळं मागवा. ताटलीत येतात ते चक्क वांग्याचे काप, कुरकुरीत तळलेले, वरून काळपट पाक सोडलेला. मेनूवर त्याला 'उसाचा मध' म्हणतात. अरबांनी पूर्वेकडून आणलेला ऊस ग्रानादाच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं पिकला. हा उसाचाच पाक. वेटर मला तो काय असतो ते समजावून सांगू लागला. मी बोट बुडवून चाटलं. काकवी होती.