सीमाभागातली मानसशास्त्राची पीएच.डी.: गाईडांचे विषय ठरत कसे आले

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा एम.ए. झालेला विद्यार्थी विभागाची यादी बघतो, तेव्हा प्राध्यापकांच्या नावापुढे तेच तीन-चार विषय फिरून फिरून दिसतात: समायोजन, परीक्षेची चिंता, भावनिक बुद्धिमत्ता, किशोरवय. यात आवडीचा भाग असतोच. पण हाताशी कोणती मापनी (गुण देऊन मोजणारी प्रश्नावली) आहे आणि गाईडकडे जागा आहे का, यावरही विषय ठरत आले आहेत.

हा मुलूख मुंबई प्रांतात होता तेव्हाच, 1934 मध्ये, कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने मापनीची (मुलांची बुद्धिमत्ता मोजणाऱ्या चाचणीची) सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीच पुढची बिने-कामत चाचणी. दोन्ही भाषांची मुलं एकाच कामात धरण्याची ती रीत पुढे टिकायला हवी होती. पण 1956 मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, 1962 मध्ये कोल्हापूरला विद्यापीठ झालं, 2010 मध्ये बेळगावला स्वतःचं. त्यामुळे इथल्या मराठी विद्यार्थ्याला आज तीन दिशा आहेत. धारवाडच्या विद्यापीठात किंवा बेळगावला नोंदणी केली तर टूल, म्हणजे मापनी, सहसा कन्नड नाहीतर इंग्रजी. कोल्हापूरला केली तर मराठी, पण नॉर्म्स (गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे ते सरासरी गुण) महाराष्ट्रातल्या मुलांचे.

वाद आहे तो इथेच. बेळगावच्या मराठी मुलांवर महाराष्ट्रात तयार झालेली मराठी मापनी तशीच वापरावी, की इथल्यासाठी वेगळी करावी? तशीच वापरण्याच्या बाजूने सांगतात की भाषा एकच आहे आणि नवी मापनी करण्यात वर्ष जातं. वर्ष जातं हे खरंच. पण मराठी घरातलं मूल कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकत असेल, तर त्याला देवनागरी प्रश्नावली वाचायला जास्त वेळ लागतो. मग त्याचा गुण चिंतेमुळे बदलला की वाचनाच्या अडचणीमुळे, हे निकालावरून कळत नाही. म्हणून वेगळ्या आवृत्तीची बाजू आम्हाला जड वाटते.

आग्र्याच्या प्रकाशकांकडून येणाऱ्या छापील मापन्या बऱ्याचदा हिंदीत असतात. हिंदीवरून मराठी करताना नकारार्थी विधानं हमखास दगा देतात. ‘लोक मला टाळतात असं मला वाटत नाही’ यापुढे ‘असहमत’वर खूण करायची म्हणजे आठवीतल्या मुलाने दोन नकार सोडवायचे. अशी विधानं उलट गुण देऊन मोजायची असतात. ते राहून गेलं की अल्फा (मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) कोसळतो, कधी ऋणही येतो. विद्यार्थी सॅम्पलला दोष देतो, चूक मात्र कोडिंगची, म्हणजे उत्तरांना गुण देण्याची, असते.

नीट करायचं तर आधी मूळ प्रकाशकाची लेखी परवानगी. मग दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट फिरवायचं. नंतर तीसेक मुलांकडून प्रत्येक विधान मोठ्याने वाचून घेऊन त्यांना काय समजलं ते विचारायचं. इथेच पुणेरी शब्द गळतात. पुढच्या फेरीत दर विधानामागे किमान पाच ते दहा मुलं लागतात, म्हणजे 40 विधानांना 200 ते 400. एकूण गुणाशी 0.30 पेक्षा कमी सहसंबंध असलेली विधानं तपासायची, आणि अल्फा निदान 0.70 हवा. मराठी आणि कन्नड गटांची तुलना करायची असेल तर दोन्ही आवृत्त्या सारखंच मोजतात हे आधी दाखवावं लागतं. ते न दाखवता काढलेल्या सरासरीतल्या फरकाला अर्थ नाही. नेमकी हीच पायरी बहुतेक सिनॉप्सिसमधून (संशोधनाच्या आराखड्यातून) गायब असते.

नियमांनीही विषय आवळले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2016 च्या नियमावलीनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. 2022 च्या नियमावलीतही हे आकडे तेच राहिले. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. विभाग लहान असला की जागा असलेला गाईड एखादाच उरतो, आणि मग विद्यार्थी त्याच्या विषयात स्वतःला बसवून घेतो. 2022 मध्ये शोधनिबंध छापण्याची सक्ती गेली आणि एम.फिल. बंद झाली, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजीसारख्या शाखेला मुदत मिळाली.

‘क्लिनिकल’ वाचून अनेकजण फसतात. गाईडच्या यादीत हा विषय आहे म्हणून त्याच्याकडच्या पीएच.डी.वर रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेला वेगळा कोर्स करावा लागतो.

गाईड निवडताना यादीपेक्षा शोधगंगेवर (पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) त्याच्या विद्यार्थ्यांचे आधीचे प्रबंध उघडावेत आणि परिशिष्टात कोणत्या भाषेची प्रश्नावली जोडली आहे ते पाहावं. मराठी प्रश्नावली नसेल, तर मापनी तयार करण्याचं वर्ष आपल्या वेळापत्रकात आधीच धरावं. पूर्ण मुदत सहा वर्षांची आहे आणि कोर्सवर्क त्यातच येतं.