हेड-अप डिस्प्ले: सव्वादोन मीटरचा निर्णय आणि त्यातून वाढलेला पसारा

आलिशान गाडी बुक करताना गिऱ्हाईक ज्या पर्यायापाशी हमखास अडतं, तो म्हणजे हेड-अप डिस्प्ले (एचयूडी): वेगासारखी माहिती पुढच्या काचेवर, चालकाच्या नजरेसमोर दाखवणारं उपकरण. शोरूममध्ये उभ्या गाडीच्या काचेवर तरंगणारं शून्य बघून पैसे वसूल होतील की नाही, हे कुणालाच कळत नाही. मग बोलणं रंगांवर, आकारावर आणि ‘एआर’ (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, म्हणजे खऱ्या रस्त्यावर बाण-खुणा बसवून दाखवणं) या दोन अक्षरांवर जातं. माझ्या मते त्याआधी एकच गोष्ट बघायला हवी: ती प्रतिमा डोळ्यांना किती अंतरावर दिसते. मोटारीतल्या या उपकरणाची सगळी वाटचाल त्या अंतराभोवतीच झालेली आहे.

मूळ लढाऊ विमानांतलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकासमोर नेम धरण्यासाठी तिरकी काच असायची. १९५८ साली पहिलं उड्डाण केलेल्या बकनीअर या ब्रिटिश विमानात त्या जागी उड्डाणाची माहितीही दिसू लागली. मोटारीत हे तंत्र १९८८ मध्ये आलं: अमेरिकेत ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीमच्या इंडियानापोलिस शर्यतीसाठीच्या पेस कारमध्ये (स्पर्धकांच्या पुढे धावणाऱ्या गाडीत) आणि जपानमध्ये निसान सिल्व्हियात. अमेरिकी उत्पादकाने तीनच वर्षं आधी विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारी एक मोठी कंपनी विकत घेतली होती, त्याचं हे फळ. माहिती जेमतेम वेगाची. १९९९ च्या कॉर्व्हेटमध्ये पर्याय म्हणून आला, तोवर त्याची ओळख हौशी खेळणं अशीच होती.

खरा बदल झाला २००३-०४ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या तेव्हाच्या नव्या ५ सिरीजवर. वेगाबरोबर नेव्हिगेशनचे बाण आणि क्रूझ कंट्रोलचा आकडा काचेपलीकडे दिसू लागला, आणि प्रतिमा ठेवली गेली साधारण सव्वादोन मीटरवर, म्हणजे बॉनेटच्या टोकाच्या आसपास. त्यानंतर आलेल्या बहुतेक लक्झरी गाड्यांनी कमीअधिक तेच अंतर धरलं. त्यावर अभियंत्यांमध्ये वाद होता आणि तो पुरता मिटलेला नाही.

विमानात प्रतिमा अनंत अंतरावर ठेवतात, कारण वैमानिकाला बघायचं ते सगळंच दूर असतं. मोटारीत तसं का केलं नाही? एक तर, सिग्नलला पुढची गाडी पाच मीटरवर उभी असताना तिच्या डिकीवर अनंतातला आकडा दिसला, तर डोळ्यांना दोन परस्परविरोधी अंतरं सांगितली जातात आणि ते त्रासतात. दुसरं, प्रतिमा जितकी लांब आणि मोठी, तितका डॅशबोर्डखालचा आरसा मोठा. स्टीअरिंगचा दांडा, एसीची नळकांडी आणि वायरिंग यांच्या गर्दीत तो बसवायला जागाच नसते. तिसरं कारण आपल्याकडे जास्त लागू पडतं: आरसा अंतर्गोल असतो, त्यामुळे वरून येणारं ऊन उलट दिशेने जाऊन थेट आतल्या स्क्रीनवर एकवटतं. लांबच्या प्रतिमेसाठी आरशाची ताकद वाढवली की ही उष्णताही वाढते. सव्वादोन मीटर ही या सगळ्या अडचणींमधली तडजोड होती.

पण तिची किंमत काचेत मोजावी लागली. पुढची काच म्हणजे काचेचे दोन थर आणि मध्ये पारदर्शक प्लास्टिकची फिल्म. प्रकाश आतल्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो तसा बाहेरच्या पृष्ठभागावरूनही होतो, आणि आकड्याच्या वर पुसट दुसरा आकडा दिसतो. प्रतिमा अनंतावर असती तर दोन्ही परावर्तनं समांतर येऊन एकच दिसली असती. ती जवळ आणली म्हणून मधली फिल्म किंचित पाचरीसारखी, वर जाड आणि खाली पातळ करावी लागली. ही पाचर नजरेची एक ठरावीक उंची गृहीत धरून बनवलेली असते. म्हणून फार उंच किंवा बुटक्या चालकाला थोडी सावली दिसते, आणि काच फुटल्यावर पैसे वाचवायला साधी काच बसवली तर प्रत्येक आकडा दुहेरी दिसतो. जुनी लक्झरी गाडी घेताना हे जरूर तपासावं: संध्याकाळी ब्राइटनेस पूर्ण वाढवायचा आणि वेगाच्या आकड्याच्या कडा बघायच्या. कड दुहेरी असेल, तर काच बदलली आहे का आणि बदललेली काच एचयूडीचीच आहे का, हे विक्रेत्याला विचारलंच पाहिजे. विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, हा दिलासा आहे. मात्र क्लेम केला की नो क्लेम बोनसवर परिणाम होऊ शकतो, आणि अशा गाड्यांत काचेमागे एडासचा (चालकाला मदत करणाऱ्या सुरक्षा प्रणालीचा) कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही पुन्हा करावं लागतं.

त्याच तडजोडीचा एक मोठा फायदाही झाला, आणि माहितीपत्रकांत तो कुणी ठळकपणे सांगत नाही. डॅशबोर्डवरचं मीटर डोळ्यांपासून सुमारे पाऊण मीटरवर असतं. तरुण डोळा रस्त्यावरून तिथे आणि परत चटकन फोकस बदलतो. चाळिशी लागल्यावर ते जड जातं, आणि पंचावन्नच्या पुढे लांबच्या चष्म्यातून मीटर चक्क पुसट होतं. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हनुवटी वर करून भिंगाच्या खालच्या भागातून बघावं लागतं. सव्वादोन मीटरवरचा आकडा वाचायला डोळ्याला मीटरच्या साधारण एक तृतीयांशच ताण पडतो, शिवाय तो भिंगाच्या वरच्या भागातून दिसतो. लक्झरी गाडी स्वतःच्या कमाईतून घेणारे बरेच लोक याच वयातले असतात. अशा माणसाने स्वतः गाडी चालवायची असेल, तर मी त्याला हा पर्याय नक्की घ्यायला सांगेन, आणि त्यासाठी पॅनोरमिक सनरूफ सोडावं लागलं तरी सोडायला सांगेन. समृद्धीवर ताशी १२० ने जाताना गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. तिथे मीटरकडे गेलेली एक नजर म्हणजे तेवढा रस्ता न बघता गेला.

एआरचा अध्याय २०२० मध्ये सुरू झाला. फोक्सवॅगनची आयडी.३ आणि मर्सिडीजची नवी एस-क्लास यांनी प्रतिमा लांब नेली. एस-क्लासमध्ये ती १० मीटरवर, ७७ इंची पडद्याएवढी दिसते, आणि वळायच्या गल्लीच्या तोंडावर बाण ठेवते. अंतर इतकं वाढवणं का भाग होतं, ते साध्या गणितात दिसतं. बाण सव्वादोन मीटरवर असेल आणि चालकाचं डोकं पाच सेंटीमीटर बाजूला सरकलं, तर तीस मीटरवरच्या रस्त्यावर तो बाण साठ सेंटीमीटरहून जास्त सरकलेला दिसतो. दहा मीटरवर ठेवला तर दहाच सेंटीमीटर. म्हणजे जवळच्या प्रतिमेवर खरा एआर जमतच नाही. तरीही आज एआरच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही प्रणाली फक्त हलते बाण दाखवतात, ते रस्त्याला चिकटलेले नसतात. आपल्याकडे चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या २०२४ च्या इलेक्ट्रिक गाड्यांनी वरच्या पॅकमध्ये एआर एचयूडी दिला, तेव्हापासून हा शब्द लक्झरीच्या बाहेरही पोचला आहे.

त्याआधीच ‘एचयूडी’ हे नाव बरंच सैल झालं होतं. किया सेल्टोसने २०१९ मध्ये आणि बलेनोने २०२२ मध्ये जो दिला, त्यात डॅशबोर्डवर वर येणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या पट्टीवर प्रतिमा पडते. पाचरीची काच लागत नाही म्हणून तो स्वस्त पडतो. गाडीच्या संगणकाची माहिती देणाऱ्या ओबीडी सॉकेटला जोडायच्या बाजारातल्या डब्या तर काचेवर नुसता उजेड पाडतात. त्यांचा आकडा मीटरइतकाच जवळ दिसतो, त्यामुळे डोळ्याला जो आराम मिळायला हवा तो मिळतच नाही. या सगळ्यांना एकाच रांगेत उभं करून ‘आता तर बलेनोतही मिळतो, मग जास्त पैसे कशाला’ असं म्हणणं चुकीचं आहे.

आक्षेपही जुनाच आहे आणि खरा आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका सरकारी संशोधन केंद्रात सिम्युलेटरवरची चाचणी झाली. हेड-अप डिस्प्लेवर लक्ष असलेल्या काही अनुभवी वैमानिकांना धावपट्टीवर आडवं आलेलं विमान दिसलंच नाही. नजर समोर असणं आणि लक्ष समोर असणं वेगळं. म्हणून वेग, मर्यादा आणि पुढचं वळण एवढंच ठेवून गाण्यांची नावं, फोनची यादी आणि जी-फोर्सचे आलेख बंद करावेत, असं मी आग्रहाने सांगतो. जवळपास सगळ्या लक्झरी गाड्यांत ही सोय मेनूत असते, फक्त गाडी ताब्यात देताना ती कुणी दाखवत नाही.

पोलराइज्ड गॉगल वापरणाऱ्यांनी टेस्ट ड्राइव्हला तो घालूनच जावं. तिरक्या काचेवरून येणारा प्रकाश बहुतांशी आडवा ध्रुवित असतो, आणि असा गॉगल नेमका तोच अडवतो, त्यामुळे आकडे फिके पडतात किंवा दिसेनासे होतात. मान खांद्याकडे झुकवली आणि ते परत आले, तर दोष गॉगलचा आहे. आणि मालक मागे बसणार असेल तर ही सगळी चर्चा ड्रायव्हरची आहे. प्रतिमेची उंची त्याच्या नजरेला लावून द्यावी, त्यालाच टेस्ट ड्राइव्हला न्यावं आणि त्यालाच विचारावं.

आता पर्यायाची जागाच सरकते आहे. जानेवारी २०२५ मध्ये बीएमडब्ल्यूने काचेच्या तळाशी एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाणाऱ्या काळ्या पट्टीवर माहिती दाखवणारी नवी मांडणी जाहीर केली, आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या आयएक्स३ मधून स्टीअरिंगमागचं मीटर काढूनच टाकलं. ही पट्टी सगळ्या प्रवाशांना दिसते, पण तिच्यामागे रस्ता नसतो, काळा रंग असतो. रस्त्यावर तरंगणारी प्रतिमा त्या गाडीतही वेगळा पर्याय म्हणूनच राहिली आहे. चष्मा लागलेल्या चालकाने तिथेही पट्टीवर भागेल असं धरून न चालता दोन्ही आपल्या नेहमीच्या चष्म्यातून बघून घ्यावेत.