वसईचा ख्रिस्ती समाज

पालघर जिल्ह्यातल्या वसई तालुक्यात, मुख्यतः रेल्वेच्या पश्चिमेला समुद्रापर्यंत पसरलेल्या बागायती गावांत पिढ्यानपिढ्या राहणारा, बहुतांशी कॅथलिक पंथाचा मराठीभाषक समाज. गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, गिरीज, पापडी ही त्याची जुनी गावे. सामवेदी (कुपारी), वाडवळ, कोळी असे त्यात गट आहेत. आडनावे डाबरे, लोपीस, परेरा, आल्मेडा अशी. घरातली बोली मात्र कादोडी (सामवेदींची), वाडवळी किंवा कोळी. आडनाव ऐकून ‘तुम्ही गोव्याचे का?’ असे विचारले जाण्याचा अनुभव इथल्या बहुतेकांना आहे.

1534 मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरच्या दोन शतकांत इथे ख्रिस्ती धर्म रुजला. धर्मांतरात मिशनऱ्यांचे काम होते, तसा राजसत्तेचा दाबही होता. यातले एकच सांगून भागत नाही. 1597 मध्ये जपानमधल्या नागासाकी येथे क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया हे वसईतच जन्मलेले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज अंमल संपला. सत्ता गेली तरी इथल्या बहुतेक लोकांनी श्रद्धा सोडली नाही, आणि ती केवळ राज्यकर्त्यांच्या आधारावर उभी नव्हती याचा यापेक्षा मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

श्रद्धा लोकांची झाली होती, पण मिस्साची (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेची) भाषा लॅटिनच राहिली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) लोकभाषेला मुभा दिल्यानंतर वसईच्या देवळांत (चर्चला इथले लोक देऊळच म्हणतात) मराठी उपासना सुरू झाली. पॅरिशला (एका चर्चच्या परिसराला) ‘धर्मग्राम’, डायोसिसला (एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाला) ‘धर्मप्रांत’, बाप्तिस्म्याला ‘स्नानसंस्कार’ हे शब्द बोलण्यात रुळले. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे मागणे आहे. मूळ ग्रंथात रोटी गव्हाची असो वा जवाची, वसईत ती तांदळाची भाकर होते, आणि ती चुलीवर भाजणाऱ्या बाईला या ओळीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या टोकाला नाताळ, पाद्री, पाव हे शब्द पोर्तुगीजातून येऊन सगळ्या महाराष्ट्राचे झाले आहेत.

1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि 2020 मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा एका धर्मगुरूच्या निवडीला विरोधही झाला. मराठी ही कोणा एका धर्माची भाषा नाही, हे त्या निवडीने लख्ख दाखवले.

जातीने मात्र धर्मांतरानंतरही पाठ सोडली नाही. सामवेदी, वाडवळ, कोळी यांच्या सोयरिकी फार काळ आपापल्या गटातच होत राहिल्या. एकाच वेदीपाशी प्रभुभोजन घेणाऱ्यांनी लग्न जुळवताना वेगळे व्हावे, ही या समाजाची खरी उणीव आहे.

जमिनीशी असलेले नाते श्रद्धेतूनही दिसते. भाताच्या नव्या लोंब्या देवळात आशीर्वादासाठी नेण्याचा सण ‘आगेरा’ म्हणून ओळखला जातो. केळी, विड्याची पाने, फुले, भाजी हे इथले जुने उत्पन्न. राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून केलेली सुकेळी मधासारखी गोड आणि चिवट लागते. आज ती करणारी घरे थोडी आहेत. बांधकामे वाढली, टँकरने विहिरींचे पाणी उपसले जाऊ लागले, तेव्हा 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली. दिब्रिटो तिच्या पुढच्या फळीत होते, पण ती ख्रिस्त्यांपुरती नव्हती. हिंदू शेतकरीही तितक्याच तळमळीने उतरले. पुढे वसई-विरार महानगरपालिका आल्यावर तिच्यातून गावे वगळण्याच्या मागणीतही हीच एकजूट दिसली.

आता विरारची लोकल पकडून मुंबईला नोकरीला जाणारी पिढी मुलांना इंग्रजी शाळेत घालते. कादोडीत लिहिणारे काही जण पुढे आले आहेत, हे आशेचे. लाल लुगडे नेसणाऱ्या सामवेदी आजी मात्र रविवारच्या मिस्साला दरवर्षी कमी दिसतात, आणि अनेक धर्मग्रामांत मराठी मिस्साबरोबर इंग्रजी मिस्साचीही वेळ लावलेली असते.